खांदेरीच्या होड्या

राळेगावच्या कापसाच्या मुलखांतील श्रोत्यांना समुद्र दूरचा वाटेल. तथापि ही कथा ऐकण्याजोगी आहे. १६७९ सालीं शिवाजीमहाराजांनीं मुंबई बंदराच्या तोंडाशीं असलेल्या खांदेरी बेटावर तट बांधावयास घेतला. इंग्रजांनीं आरमार पाठवून वाट अडविली. परंतु मोठें जहाज म्हणजे वाऱ्याचें ताबेदार. वारा पडला कीं तें जागचें हलेना. मराठ्यांच्या उथळ होड्या मात्र वल्ह्यांच्या बळावर, काळोखांत, थळच्या किनाऱ्यावरून दाणागोटा व माणसें बेटावर पोंचवीत. १८ ऑक्टोबरच्या झुंजींत तर इंग्रजांचें ‘डव्ह’ हें गलबतच मराठ्यांनीं धरलें. (डव्ह म्हणजे कबूतर, लढाऊ गलबताला नांव मोठें मासलेवाईक!) १६८० च्या जानेवारींत इंग्रजांनीं तह केला. पण त्याच महिन्यांत सिद्दीनें शेजारच्या उंदेरीवर ठाणें दिलें आणि दोन्ही बेटांच्या तोफा एकमेकांवर रोखल्या गेल्या.