प्रलयानंतर किती वर्षांनी? – विनाशोत्तर खेळविश्वांच्या रचनेविषयी

जगाच्या अंताची कल्पना साहित्याला नवी नाही. मेरी शेलीची ‘द लास्ट मॅन’ ही कादंबरी १८२६ साली प्रसिद्ध झाली. वॉल्टर मिलरची ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ १९५९ साली आली. या परंपरेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र त्याच कल्पनेवर उभ्या असलेल्या रोल-प्लेइंग खेळांकडे आपल्या साहित्य-अभ्यासाचे फारसे लक्ष गेलेले नाही. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एकेक पात्र धारण करायचे, एकाने सूत्रधार व्हायचे आणि फाशांच्या साहाय्याने गोष्ट पुढे न्यायची, असे या खेळांचे मूळ रूप. पुढे ते संगणकावर आले. या खेळांसाठी जी जगे रचली गेली, त्यांचा इतिहास हा आमच्या मते कथनशास्त्राच्या अभ्यासकांनी गंभीरपणे पाहावा असा विषय आहे.

कादंबरीकाराला आपल्या नायकाची वाट ठाऊक असते. त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दिसेल तेवढे जग त्याने उभे केले की त्याचे काम भागते. खेळाच्या कर्त्याला ही सोय नाही. खेळणारा डावीकडे वळेल की उजवीकडे, पडक्या इमारतीत शिरेल की तिला वळसा घालेल, हे त्याला आधी कळत नाही. त्यामुळे त्याला त्या जगाचा इतिहास सांगोपांग रचावा तरी लागतो, किंवा तो ऐनवेळी रचण्याची रीत खेळणाऱ्यांच्या हाती द्यावी लागते. विनाश कसा झाला, हा त्यातला सर्वांत सोपा प्रश्न. अणुयुद्ध, रोगराई, यंत्रांचे बंड, काहीही चालते. खरा निर्णायक प्रश्न वेगळा आहे: विनाशाला किती वर्षे झाली? या एका आकड्यावर त्या जगातले सारे काही अवलंबून असते. जुने जग पाहिलेली माणसे हयात आहेत की नाहीत, जुनी यंत्रे वापरता येतात की केवळ पुजली जातात, जुनी लिपी कुणाला वाचता येते का, हे सारे त्या आकड्यातूनच ठरते. या खेळांचा इतिहास म्हणजे विस्मरणाचे अंतर मोजण्याच्या निरनिराळ्या प्रयत्नांचा इतिहास आहे, असे आम्हांला वाटते.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रकाशित झाला आणि या प्रकाराची पायाभरणी झाली. लगेच १९७६ साली जेम्स वॉर्ड यांनी ‘मेटॅमॉर्फोसिस आल्फा’ रचला. पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करणारे एक अवाढव्य अंतराळयान, त्यात घडलेला अनर्थ आणि आपण यानात आहोत हेच विसरून गेलेले त्यातले रहिवासी. ब्रायन आल्डिसच्या १९५८च्या ‘नॉन-स्टॉप’ कादंबरीशी या कल्पनेचे नाते उघड आहे. १९७८ साली वॉर्ड आणि गॅरी जॅकेट यांनी हेच विस्मरण पृथ्वीवर आणले. या ‘गॅमा वर्ल्ड’मधला काळ पंचविसाव्या शतकाच्या मध्याचा, महायुद्धाला शतकाहून अधिक काळ लोटल्यानंतरचा.

‘गॅमा वर्ल्ड’ची महत्त्वाची कामगिरी अशी की त्याने अज्ञानालाच खेळाचा नियम बनवले. पात्राच्या हाती जुन्या काळची एखादी वस्तू लागली की सूत्रधार तिचे फक्त बाह्य वर्णन करतो. तिचा उपयोग पात्राला कळला की नाही, हे एका आकृतिपटावर फासे टाकत टाकत ठरते. त्या वाटा कधी यशाकडे जातात, कधी अपघाताकडे. समजा, वर्णनावरून खेळणाऱ्याने हातबाँब ओळखला. त्याच्या पात्राला तो ओळखता येत नाही, आणि त्याला पात्राच्या अज्ञानाशी प्रामाणिक राहून ती कडी ओढून पाहावी लागते. नाटकात प्रेक्षकाला ठाऊक असलेले पात्राला ठाऊक नसते, तेव्हा जो उपरोध निर्माण होतो, तो इथे एकाच माणसाच्या ठायी एकवटतो, कारण खेळणारा प्रेक्षकही आहे आणि पात्रही. या जगात जुन्या यंत्रांची पूजा करणारा एक पंथही आहे. खेळाच्या पुढच्या आवृत्तीत पिट्सबर्ग शहर ‘पिट्झ बर्क’ या अपभ्रष्ट नावाने येते.

मराठी वाचकाला ही गोष्ट मुळीच अद्भुत वाटू नये. प्रतिष्ठानचे पैठण झाले, तगरचे तेर झाले, शूर्पारकाचे सोपारा झाले. नाशिकच्या बौद्ध लेण्यांच्या भिंतींवर ती कुणी कोरवली, कुणी दान दिले, हे ब्राह्मी अक्षरांत स्पष्ट लिहिलेले होते. पण ती अक्षरे वाचणारे उरले नाहीत आणि लोकांनी ती लेणी पांडवांना देऊन टाकली. १८३७च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा केल्यानंतरच त्या भिंती पुन्हा बोलू लागल्या. विस्मरण म्हणजे केवळ रिकामी जागा नव्हे. ती जागा लोक आपल्याजवळच्या कथांनी भरून काढतात. ‘गॅमा वर्ल्ड’च्या कर्त्यांना ही प्रक्रिया नेमकी उमगली होती.

याच्या अगदी उलट टोकाला १९८४चा ‘ट्वायलाइट: २०००’ उभा आहे. इथे अंतर जवळजवळ नाहीच. सोव्हिएत-चीन युद्धातून पेटलेले आणि अण्वस्त्रांपर्यंत गेलेले महायुद्ध अजून पुरते विझलेले नाही. खेळणारे म्हणजे पोलंडमध्ये अडकून पडलेले अमेरिकी सैनिक. वरून येणारे हुकूम थांबले आहेत. इथे कुणी काही विसरलेले नाही. उणीव आहे ती इंधनाची, औषधांची, काडतुसांची. गाडी चालवायची तर आधी भट्टी लावून मद्यार्क गाळावा लागतो. परंतु भविष्य इतके जवळचे घेतले की इतिहास त्याला गाठतो. १९८९ साली पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्या, १९९०च्या दुसऱ्या आवृत्तीत कालपट नव्याने लिहावा लागला आणि १९९१ साली सोव्हिएत संघच विसर्जित झाला. २०२१ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीने त्यावर मार्ग काढला: १९९१चे मॉस्कोतील बंड यशस्वी झाले असते तर, अशी कल्पना करून. एकेकाळचे भविष्य अशा रीतीने एक पर्यायी भूतकाळ होऊन बसले.

संगणकावरील खेळांत या विचाराचा पाया १९८८च्या ‘वेस्टलँड’ने घातला. त्या काळी डिस्कवर जागा अपुरी असल्याने वर्णनाचे उतारे एका छापील पुस्तिकेत दिले होते. खेळ सांगेल तो उतारा उघडून वाचायचा. आगाऊ वाचणाऱ्यांची फसगत व्हावी म्हणून त्यात खोटे उतारेही मिसळले होते. खऱ्याखोट्या दस्तऐवजांतून भूतकाळ निवडून घेणारा वाचक इथे अपघातानेच घडला, असे म्हणता येईल. ‘वेस्टलँड’चे हक्क इंटरप्ले कंपनीकडे नव्हते. त्यामुळे त्याच वाटेवर पुढे जाताना टिम केन, लिओनार्ड बोयार्स्की प्रभृतींनी नवे जग उभे केले. ते म्हणजे १९९७ साली आलेला ‘फॉलआउट’.

‘फॉलआउट’मध्ये युद्ध २०७७ साली होते आणि कथा २१६१ साली सुरू होते. हे चौऱ्याऐंशी वर्षांचे अंतर आम्हांला फार विचारपूर्वक निवडलेले वाटते. साधारणतः तीन पिढ्या. जुने जग पाहिलेला माणूस जवळजवळ उरलेला नाही, पण आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेले अजून विरलेले नाही. नायक भूमिगत आश्रयस्थानात जन्मलेला आहे. तिथले पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बिघडते आणि सुटा भाग शोधण्यासाठी दीडशे दिवसांच्या मुदतीने त्याला बाहेर पाठवले जाते. त्यामुळे त्याचे अज्ञान आणि खेळणाऱ्याचे अज्ञान नेमके जुळते. शिवाय नष्ट झालेले जग हे आपले वर्तमान नाही. १९५०च्या दशकातील अमेरिकेने स्वप्नात पाहिलेले भविष्य, म्हणजे अणुशक्तीवर चालणारी मोटार, हसतमुख जाहिराती, घरकाम करणारा यंत्रमानव, हेच इथे जळून गेले आहे. अवशेष आहेत ते एका आशावादाचे, आणि या विश्वातील विनोद व विषाद दोन्ही त्यातूनच येतात.

१९९८च्या ‘फॉलआउट २’मध्ये आणखी ऐंशी वर्षे पुढे गेलेली आहेत. पहिल्या खेळातले मातीच्या भिंतींचे एक खेडे आता एका प्रजासत्ताकाची राजधानी झाले आहे. म्हणजे या जगात काळ खरोखरच पुढे सरकतो. २००२ साली ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी ‘फॉलआउट बायबल’ या नावाने कालपट, टिपणे आणि वाचकांच्या शंकांची उत्तरे संकलित केली. आधी कथा, मग तिच्यातल्या विसंगतींची जुळणी, मग अधिकृत इतिहास, हा क्रम पुराणांच्या आणि बखरींच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटेल.

पुढे हक्क बेथेस्डा कंपनीकडे गेले आणि २००८चा ‘फॉलआउट ३’ वॉशिंग्टन परिसरात, २२७७ साली घडला. इथे मात्र त्या आकड्याने कर्त्यांना अडचणीत आणले. दोनशे वर्षे लोटूनही दुकानांच्या फळ्यांवर डबाबंद अन्न शिल्लक आहे, सांगाडे जागचे हललेले नाहीत, कुणी राडारोडा उचललेला नाही. देखावा वीस वर्षांनंतरचा आणि कालपट दोनशे वर्षांनंतरचा. अनेक खेळणाऱ्यांनी हा दोष बोलून दाखवला. दोनशे वर्षांत माणसे शेती करतात, भाषा बदलतात, देव घडवतात. ते काहीच न दाखवणे म्हणजे माणसांवर अविश्वास दाखवणे होय.

याच खेळाशी आपल्याकडचा एक प्रसंग निगडित आहे. ऑक्टोबर २००८मध्ये मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन तो भारतात प्रकाशित न करण्याचे जाहीर केले. नेमके कारण सांगितले गेले नाही, पण चर्चा झाली ती या विश्वातील दोन तोंडांच्या गाईंची. त्यांचे नाव ‘ब्राह्मिन’. अमेरिकेत ब्राह्मन नावाची गुरांची जात आहे आणि ती भारतातून नेलेल्या गीर, कांकरेज अशा जनावरांपासून तयार झाली. नाव टिकले, त्याचा संदर्भ गळून गेला. विनाशोत्तर जगात जे व्हायचे ते या शब्दाच्या बाबतीत विनाशाआधीच झाले होते, आणि तो विसरलेला संदर्भ ज्यांच्या स्मरणात होता त्यांच्यापर्यंतच तो खेळ अधिकृतपणे पोहोचला नाही.

विस्मरणाच्या अंतराचा सर्वांत परिपक्व उपयोग आम्हांला २०१०च्या ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’मध्ये दिसतो. काळ तोच, दोन शतकांनंतरचा. पण इथली माणसे कोणता भूतकाळ आठवायचा हे निवडतात. एक पक्ष जुन्या अमेरिकी प्रजासत्ताकाची प्रतिकृती उभारतो. दुसऱ्या पक्षाचा नायक गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास आणि सीझरचे युद्धवृत्तान्त वाचून स्वतःलाच सीझर म्हणवून घेतो आणि गुलामगिरीवर साम्राज्य उभे करतो. ग्रंथ वाचला गेला, पण त्याभोवतीची टीकेची परंपरा हरवली, तर त्याचे काय होते, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात विचारावा असाच आहे. त्याच वर्षी व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने दुसरी वाट धरली. विनाश कसा झाला हे तिथे सांगितलेलेच नाही. सूत्रधार खेळणाऱ्यांना प्रश्न विचारतो आणि त्यांच्या उत्तरांतून जग साकारते.

एक गोष्ट मात्र यांतील बहुतेक विश्वांनी टाळली आहे. किरणोत्सर्ग इथे जादूसारखा वागतो. त्यातून तिसरा हात फुटतो, दुसऱ्याचे मन वाचता येते. हिरोशिमा-नागासाकीच्या हिबाकुशांच्या वाट्याला आला तो रक्ताचा कर्करोग, आणि लग्न व नोकरी यांत नकार. ‘वेस्टलँड’ने आपले उजाड जग ज्या नेवाडाच्या परिसरात कल्पिले, तिथे १९५१ ते १९९२ या काळात ९२८ अणुचाचण्या प्रत्यक्ष झाल्या. ती भूमी ओसाड नव्हती. पश्चिम शोशोनी लोक १८६३च्या कराराच्या आधारे तिच्यावर आपला हक्क सांगत आले आहेत. त्यांच्या दृष्टीने जगाचा अंत ही भविष्यातील कल्पना नाही. तो होऊन गेला आहे आणि त्यानंतरही ते जगत आहेत.

म्हणून ‘किती वर्षांनी?’ या प्रश्नाला ‘कुणाच्या प्रलयानंतर?’ हा दुसरा प्रश्न जोडल्याशिवाय या विश्वांचे वाचन पुरे होत नाही. पुराणांतल्या प्रलयात सारे पाण्याखाली जाते. उरतो तो शेष, आणि त्याच्या नावाचा अर्थच ‘उरलेले’ असा आहे. या खेळांचे कर्तेही अखेर उरलेल्याचाच हिशेब मांडत असतात. तो मांडताना काय उरू दिले आणि काय विसरू दिले, याची निवड त्यांनी केलेली असते, आणि ती निवड तपासणे हे वाचकाचे काम आहे.