आडनाव, खाण आणि खेळ : शाल्के ०४ या जर्मन फुटबॉल संघाच्या इतिहासातील एक भाषिक प्रश्न

आडनावावरून माणसाचे कूळ, प्रांत आणि भाषा ताडण्याची सवय सर्वच समाजांत आढळते. नावांचा अभ्यास करणाऱ्यास ही सवय उपकारक असते. पण तिच्यापासून त्याने सावधही राहिले पाहिजे. नाव हे भूतकाळाचे साक्षीदार असले, तरी ते धारण करणाऱ्या व्यक्तीच्या निष्ठेविषयी ते काहीच सांगू शकत नाही. गेल्सेनकिर्खेन या जर्मन नगरातील 'शाल्के ०४' हा फुटबॉल संघ आणि त्याचा पाठीराखा वर्ग यांचा इतिहास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. या संघातील खेळाडूंच्या नावांवरून दोन राष्ट्रांनी परस्परविरुद्ध निष्कर्ष काढले, आणि त्या निष्कर्षांची किंमत अखेर माणसांना मोजावी लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूर नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणी व पोलादाचे कारखाने झपाट्याने वाढले. त्यांना लागणारे मनुष्यबळ प्रशियाच्या पूर्वेकडील प्रांतांतून आले. पहिल्या महायुद्धापूर्वी या स्थलांतरितांची संख्या काही लक्षांच्या घरात गेली होती. हा समुदाय बाहेरून एकजिनसी वाटला, तरी वस्तुतः त्यात दोन स्वतंत्र गट होते. पोझेन आणि पश्चिम प्रशिया येथून आलेले पोलिश कामगार कॅथलिक होते. त्यांची वृत्तपत्रे, संघटना व 'सोकोल' नामक व्यायामसंस्था पोलिश राष्ट्रभावनेने भारलेल्या होत्या. दुसरा गट पूर्व प्रशियाच्या दक्षिण भागातील मझूरियाचा. हे लोक पोलिशची एक बोली बोलत. परंतु ते प्रॉटेस्टंट होते आणि स्वतःस प्रशियाच्या राजाचे प्रजानन मानीत. ११ जुलै १९२० रोजी त्यांच्या मायभूमीत सार्वमत झाले, तेव्हा ९७ टक्क्यांहून अधिक मते पूर्व प्रशियाच्या, म्हणजे पर्यायाने जर्मनीच्या, बाजूने पडली. भाषा एका बाजूस आणि निष्ठा दुसऱ्या बाजूस असल्याचे याहून स्पष्ट उदाहरण सहसा मिळत नाही.

शासनाने मात्र हा भेद फारसा मानला नाही. १८९९ च्या खाणविषयक आदेशाने पुरेसे जर्मन न समजणाऱ्यास खाणीत काम देण्यावर निर्बंध घातले, आणि १९०८ च्या संघटनाविषयक कायद्याच्या बाराव्या कलमाने सार्वजनिक सभांची भाषा जर्मन असावी, असे ठरविले. रूरच्या खोऱ्यात परकी भाषा आणि परके आडनाव या संशय घेण्याच्या गोष्टी झाल्या, त्या या काळात.

याच वातावरणात ४ मे १९०४ रोजी शाल्के येथील काही मुलांनी 'वेस्टफालिया शाल्के' या नावाने फुटबॉलचा संघ स्थापन केला. शाल्के हे गाव एकच वर्ष आधी, १९०३ मध्ये, गेल्सेनकिर्खेन नगरात समाविष्ट झाले होते. प्रतिष्ठित फुटबॉल संघटनेत या पोरांच्या संघास स्थान मिळेना; म्हणून १९१२ मध्ये त्याने स्थानिक व्यायाममंडळाचा आश्रय घेतला. पुढे जर्मनीत व्यायामसंस्था आणि खेळाचे संघ एकमेकांपासून विभक्त झाले, तेव्हा १९२४ च्या प्रारंभी तो स्वतंत्र झाला आणि त्याने 'शाल्के ०४' हे नाव व निळा-पांढरा रंग स्वीकारला. १९२८ मध्ये 'कॉन्सोलिडेशन' खाणीच्या जमिनीवर त्याचे क्रीडांगण उभे राहिले. त्याचे नाव 'ग्ल्यूकआउफ काम्पबान'. 'ग्ल्यूकआउफ' हे खाणकामगारांचे परस्परांस अभिवादन. खाली उतरलेला माणूस सुखरूप वर यावा, ही सदिच्छा त्यात आहे. संघाचे टोपणनाव 'क्नापेन' हेही खाणकामगारवाचक जुन्या जर्मन शब्दावरूनच आलेले आहे.

या संघाच्या यशाचे श्रेय दोन खेळाडूंना विशेषेकरून दिले जाते : एर्न्स्ट कुझोरा (जन्म १९०५) आणि फ्रिट्झ शेपान (जन्म १९०७). दोघांचेही जन्म गेल्सेनकिर्खेनचे. दोघांचीही कुळे मझूरियाची. कुझोरा स्वतः खाणीत काम केलेला. चेंडू जवळच्या जवळ, एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे फिरवीत नेण्याच्या त्यांच्या पद्धतीस 'क्राइजेल', म्हणजे भोवरा, असे नाव पडले. पाठीराख्यांशी या संघाचे नाते किती घट्ट होते, याचा प्रत्यय १९३०-३१ मध्ये आला. हौशी खेळाडूंना नियमाबाहेर पैसे दिल्याच्या आरोपावरून १९३० च्या ऑगस्टमध्ये शाल्केच्या १४ खेळाडूंवर बंदी घालण्यात आली. संघाच्या कोशाध्यक्षाने कालव्यात जीव दिला. बंदी उठल्यावर १ जून १९३१ रोजी ड्युसेलडॉर्फच्या संघाविरुद्ध सामना झाला, तेव्हा सुमारे ७०,००० लोक त्या क्रीडांगणावर लोटले. विरोधक या संघास 'पोलाकांचा संघ' म्हणून हिणवीत. 'पोलाक' हा पोलिश माणसासाठी जर्मन भाषेत तुच्छतेने वापरला जाणारा शब्द होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २४ जून १९३४ रोजी बर्लिन येथे न्यूर्नबर्गच्या संघास २-१ असे हरवून शाल्केने प्रथमच जर्मनीचे अजिंक्यपद मिळविले. त्याबरोबर पोलंडमधील वृत्तपत्राने आडनावांच्या आधारे असा दावा केला की, जर्मनीचे अजिंक्यपद पोलिश लोकांच्या हाती गेले आहे. नाझी राजवटीत हा दावा अडचणीचा होता. संघाने 'किकर' या क्रीडापत्रात खुलासा प्रसिद्ध करून खेळाडूंच्या मातापित्यांची जन्मस्थाने दिली आणि हे कोणीही पोलिश स्थलांतरित नसल्याचे प्रतिपादन केले.

हा खुलासा बव्हंशी वस्तुस्थितीस धरून होता. परंतु तो द्यावा लागला, हीच त्यातील मर्माची गोष्ट होय. '-स्की' हा स्लाव्ह प्रत्यय आपल्याकडील '-कर' या प्रत्ययाप्रमाणे बहुधा स्थलवाचक नामास लागतो. 'कोल्हापूरकर' आडनावाचा मनुष्य चार पिढ्या पुण्यास राहिलेला असू शकतो, हे आपणांस सांगावे लागत नाही. याच संघातील एमिल चेर्विन्स्की हा खेळाडू पुढे 'रोटहार्ट' या नावाने ओळखला जाऊ लागला. पहिल्या नावाच्या मुळाशी तांबडेपणाचा वाचक स्लाव्ह शब्द आहे, दुसऱ्याच्या आरंभी त्याच अर्थाचा जर्मन शब्द. अर्थ राहिला आणि ध्वनी बदलले. आक्षेप केवळ ध्वनींवरच होता.

आपल्या जर्मनपणाची ग्वाही देणाऱ्या या संघाने ज्यांना तशी ग्वाही देता येत नव्हती त्यांना जवळ केले नाही, हेही नमूद केले पाहिजे. संघाचे ज्यू उपाध्यक्ष डॉ. पाउल आयखेनग्र्यून यांना १९३३ मध्येच पद सोडावे लागले होते. शेपानने १९३७ मध्ये नाझी पक्षाचे सदस्यत्व घेतले आणि १९३८ मध्ये शाल्केच्या बाजारपेठेतील एक ज्यू मालकीचे दुकान त्याच्या ताब्यात आले. या कारणास्तव २००१ मध्ये त्याचे नाव रस्त्यास देण्याचा बेत नगराने सोडून दिला. संशयाचा बळी झालेला समाज संशयाचा लाभार्थीही होऊ शकतो, हे येथे दिसते.

आडनावांनी जे विभागले ते बोलीने मात्र सांधले. रूरच्या बोलीत हातोड्यास 'मोटेक' म्हणतात. तो पोलिश 'म्वोटेक'. कष्टाच्या कामास 'मालोखे' म्हणतात. तो यिद्दिशमार्गे आलेला हिब्रू शब्द. जर्मन व्याकरणानुसार गावाच्या नावामागे 'इन' हे शब्दयोगी येते. परंतु येथील माणूस 'आउफ शाल्के' म्हणतो. कारण कामगार 'खाणीवर' जात असे. मराठीतही आपण गावात राहतो, पण खाणीवर, कारखान्यावर कामास जातो. संघाचा उल्लेख गावासारखा न होता कामाच्या ठिकाणासारखा होऊ लागला. २००१ मध्ये उघडलेल्या नव्या क्रीडागृहास हाच शब्दप्रयोग नावादाखल देण्यात आला. नगरातील 'ह्यूगो' ही खाण त्यापूर्वीच, २००० मध्ये, बंद झाली होती. तरीही सामन्यापूर्वी हजारो कंठांतून खाणकामगारांचे जुने गीत उठते. व्यवसाय संपला, पण त्याची परिभाषा पाठीराख्यांनी जतन केली.

तथापि परिभाषेने आडनावाचा प्रश्न कायमचा सोडविला, असे म्हणता येत नाही. १९९० नंतरच्या काळात प्रेक्षकांतील वंशद्वेषाविरुद्ध पाठीराख्यांतीलच एका गटाने चळवळ उभारली, आणि १९९४ मध्ये शाल्केने आपल्या घटनेत वंशभेदविरोधी कलम घातले; जर्मनीच्या अव्वल श्रेणीतील संघांत असे प्रथमच घडले. पण त्याच नगरात १९८८ साली जन्मलेला आणि याच संघात घडलेला मेसुत ओझिल हा तुर्की कुळातील खेळाडू २०१८ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय संघातून बाहेर पडला. जिंकलो तर मी जर्मन आणि हरलो तर परदेशी ठरतो, अशा आशयाची त्याची तक्रार होती. त्याचे कूळ तुर्कस्तानातील झोंगुल्दाक या प्रांतातले. तोही कोळशाचाच प्रदेश.

१९३४ चा खुलासा आणि २०१८ ची तक्रार यांत ८४ वर्षांचे अंतर आहे, आणि दोहोंचा रोखही भिन्न आहे. पहिल्यात संघाने हिशोब दिला. दुसरीत खेळाडूने तो देण्याचे नाकारले. अलीकडे शाल्केचा गौरव 'स्थलांतरितांचा संघ' म्हणून करण्यात येतो. हेतू उदार असला, तरी त्यातही आडनावावरून माणसाची ओळख ठरविण्याची जुनी पद्धतच थोड्याफार प्रमाणात कायम राहते. कुझोरा वा शेपान यांना ते वर्णन मान्य झाले नसते. नावांच्या अभ्यासकाने नावाची व्युत्पत्ती अवश्य सांगावी. नाव धारण करणारा कोणाचा, हे मात्र त्याने त्या व्यक्तीसच विचारावे, आणि ते विचारण्याची खरोखर गरज आहे काय, याचाही आधी विचार करावा.