आज्ञावलीची पायाभूत चौकट : ठाणे-कल्याण लोहमार्गाच्या दृष्टांताने एक विचार

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि पुढील वर्षी तो कल्याणपर्यंत पोहोचला. रुळांमधील अंतर आरंभीच ५ फूट ६ इंच ठरले होते. म्हणून कल्याणहून थळ व बोर ह्या घाटांकडे फुटलेल्या दोन्ही मार्गांवर एकाच मापाची गाडी धावू शकली. विजेबाबत मात्र असे घडले नाही. १९२५ साली मुंबईत १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह आला व तोच पुढे कल्याणच्या दिशेने पसरला. नंतर देशात २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह प्रमाण ठरला. ठाणे-डोंबिवली-कल्याण ज्यावर आहेत त्या मुख्य मार्गाचे परिवर्तन २०१५ साली पुरे झाले. तोवर दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या उपनगरी गाड्या वापराव्या लागल्या.

उशिरा ठरलेल्या प्रमाणाचा हाच प्रश्न संगणकाच्या आज्ञावल्यांपुढेही उभा राहिला. लॅरी वॉल ह्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पर्ल भाषेत चल आधी घोषित करण्याचे बंधन नव्हते. नावात एका अक्षराची चूक झाली, तर भाषा मुकाट्याने नवे, रिकामे चल निर्माण करी आणि उत्तर चुके. १९९४ च्या पाचव्या आवृत्तीत ‘स्ट्रिक्ट’ हा निर्बंध आला. २००० साली ५.६ मध्ये ‘वॉर्निंग्ज’ ही सूचनांची सोय आली. परंतु ही दोन्ही वचने प्रत्येक लेखकाने आज्ञावलीच्या शिरोभागी स्वतः लिहावयाची होती. सक्ती केली असती तर असंख्य जुन्या आज्ञावल्या बंद पडल्या असत्या.

ह्यावर निघालेला तोडगा दुहेरी प्रवाहाच्या गाडीसारखाच होय. २०१० च्या ५.१२ पासून, आज्ञावलीने आरंभी त्या वा नंतरच्या आवृत्तीची मागणी नोंदविली की ‘स्ट्रिक्ट’ आपोआप लागू होते. २०२२ च्या ५.३६ ची मागणी केल्यास सूचनाही मिळतात. जिने काहीच नोंदविले नाही, ती जुन्याच नियमांनी चालते.

ह्या व्यवस्थेने भूतकाळाचे रक्षण केले, हे निर्विवाद आहे. पण त्याचे मोल नवागताने चुकविले. ज्याला नियम ठाऊक नाही तो आरंभीची ओळ लिहीत नाही, आणि संरक्षणाची सर्वाधिक गरज त्यालाच असते. रुळांचे माप प्रवाशाला ठाऊक असावे लागत नाही. पायाभूत चौकटीची खरी कसोटी हीच होय : न मागताही ती लाभते काय?