वाडिया, नोशीर हॉर्मसजी

(१९२५–२०१६). भारतीय मज्जासंस्थातज्ज्ञ. जन्म सुरतचा, कर्मभूमी मुंबई. लंडनमध्ये मज्जासंस्थातज्ज्ञ रसेल ब्रेन यांच्या हाताखाली काम करून ते १९५७ मध्ये परतले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालयात त्यांनी मज्जाविकार विभाग उभा केला. पुढे ते जसलोक रुग्णालयात गेले.

१९७१ मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ पसरली. डोळे लालभडक होत, काही दिवसांत बरे होत. कोणी फारसे मनावर घेत नव्हते. मात्र त्यानंतर वाडियांकडे काही प्रौढ रुग्ण आले. आधी पाठीत, पायांत असह्य कळा, मग पाय लुळे, आणि तेही बहुधा दोन्ही सारखे नाहीत. पुढे मांड्यांचे स्नायू झिजत. चित्र थेट पोलिओचे, पण पोलिओ मुख्यतः लहान मुलांचा. रुग्णाला ‘अलीकडे डोळे आले होते का?’ हा साधा प्रश्न विचारल्यामुळे धागा जुळला. साथीचा विषाणू, एन्टेरोव्हायरस ७०, मज्जारज्जूतील स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींवरही घाला घालतो, हे या कामातून पुढे आले.

त्याच वर्षी ‘ब्रेन’ या नियतकालिकात त्यांनी आर. के. स्वामी यांच्यासह नऊ कुटुंबांतील एक आनुवंशिक विकार नोंदवला: तोल जातो आणि नजर एका वस्तूवरून दुसरीकडे फार संथपणे सरकते. हा संथपणा ओळखायला यंत्रापेक्षा बारीक नजरच अधिक उपयोगी पडली. या प्रकाराशी जोडलेले एससीए-२ (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया प्रकार २) जनुक १९९६ मध्ये सापडले.

पद्मभूषण २०१२ मध्ये.