मठारकाम आणि ‘जर्मन’ची भांडी

‘ॲल्युमिनियमने आपला धंदा बुडविला’ हे वाक्य आम्ही ज्ञातीच्या सभांतून लहानपणापासून ऐकत आलो. त्याची एकवार छाननी व्हावी, म्हणून हा अल्प प्रयत्न.

हा धातू विजेच्या साहाय्याने स्वस्तात काढण्याची युक्ती १८८६ साली अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू यांस स्वतंत्रपणे साधली. १८९८ मध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासच्या कलाशाळेत त्याची भांडी घडविण्यास आरंभ केला. आपल्याकडे लोक त्यांस ‘जर्मन’ची भांडी म्हणू लागले. ती हलकी, स्वल्प मोलाची आणि मुख्य म्हणजे कल्हईवाचून चालणारी. गृहिणींनी ती घेतली यात त्यांचा दोष तो काय? आंबट पदार्थ त्यांत टिकत नाही, एवढेच काय ते वैगुण्य.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत आपले त्वष्टा कासार घंगाळ, हंडे, बंब घडवीत. भट्टीत तापविलेला तांब्याचा पत्रा नरम पडतो. त्यावर हातोडीचे ठोके एकास एक लागून बसत गेले की तो पुन्हा कठीण होतो आणि भांडे सहसा चेपत नाही. हेच मठारकाम. ठोक्यांची चमक ही त्या बळकटीची केवळ खूण होय. नक्षी म्हणून ती कोणी काढली नव्हती.

आता गंमत पाहा. १९३० नंतर अमेरिकेत पेन्सिल्वेनियातील वेंडेल ऑगस्ट यांच्या कारखान्यात तेच ‘जर्मन’ हातोडीने ठोकून तबके व परड्या होऊ लागल्या, आणि ठोक्यांच्या खुणांसाठी लोक खुशीने पैसे मोजू लागले. लगोलग इतर कारखानदारांनी यंत्राने खोटे ठोके उमटविले! म्हणजे गिऱ्हाइकास हाताची खूण तेथेही हवीच होती. आम्ही मात्र धातूशी भांडत बसलो आणि ठोक्याचे मोल कोणास समजावून सांगितले नाही, हे कबूल केले पाहिजे. पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांची कला २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आपल्या तांबट आळीत आज हातोडी चालविणारी घरे थोडीच उरली आहेत.

आपली पुष्कळ कुटुंबे आता वाशी, नेरूळ, पनवेलकडे राहतात. जवळच तळोज्यास ॲल्युमिनियमचा पत्रा लाटणारा मोठा कारखाना आहे, असो. सदनिकेत घंगाळास जागा नाही म्हणून ते मोडीत जाते, हे आम्ही पाहतो. ज्यांच्या घरी असे भांडे अद्याप असेल, त्यांनी ते देण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, घडविणाऱ्याचे नाव व गाव मंडळाकडे कळवावे.