जावास्क्रिप्ट चालत नाही? नवशिक्यांच्या सात अडचणी आणि त्यांचे उपाय

पहिलं वेबपेज बनवताना बहुतेकांच्या वाट्याला हे येतं. कोड लिहिला, फाइल सेव्ह केली, पेज उघडलं, आणि बटण दाबलं तर काहीच होत नाही. मग बरेच जण सगळा कोड पुसून पुन्हा लिहायला घेतात. त्याची गरज नसते. नेहमीच्या अडचणी मोजक्याच आहेत. आपल्याला वाटतं ते लिहिलेलं असतं का, हे तपासलं की त्या सापडतात.

उदाहरणासाठी मी दिघीचं एक पेज घेतोय. दिघी हे रायगडच्या श्रीवर्धन तालुक्यातलं बंदर. राजपुरी खाडीच्या पलीकडे मुरुड तालुक्यातलं आगरदांडा. मधली ये-जा फेरीबोटीने होते, गाड्याही बोटीतून जातात. समजा आपल्याला असं पेज बनवायचंय: पुढची बोट किती वाजता, आणि सगळ्यांचं मिळून भाडं किती. शेवटची बोट चुकली तर रस्त्याने खाडीला मोठा वळसा पडतो, म्हणून इथे चुकीची वेळ दाखवून चालणार नाही. खालच्या वेळा आणि भाडी फक्त नमुन्याची आहेत, खरी जेट्टीवरच विचारा.

आधी एरर दिसू द्या

कॉम्प्युटरवर क्रोममध्ये एफ-१२ दाबा आणि ‘कन्सोल’ उघडा. लाल अक्षरांत एरर आणि ओळीचा नंबर दिसतो. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये कन्सोल समोर दिसत नाही. त्यासाठी ‘इरुडा’ हे मोफत टूल पेजला जोडता येतं, मग फोनच्या स्क्रीनवरच कन्सोल उघडतो. केबल असेल तर फोन कॉम्प्युटरला जोडून तिथल्या क्रोमच्या ‘इन्स्पेक्ट’ पानावरूनही बघता येतं.

एरर दिसली की पहिली लाल ओळ वाचा. खालच्या पुष्कळ एरर तिच्यामुळेच आलेल्या असतात.

१) ‘सिंटॅक्स एरर’ येते, एकही ओळ चालत नाही

फोनवर कोड लिहिणाऱ्यांना हा त्रास जास्त. कीबोर्ड ओळीचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो. जावास्क्रिप्टला ‘लेट’ हा शब्द स्मॉल अक्षरांतच कळतो. दुसरं कारण अवतरणचिन्हं. आयफोनचं ‘स्मार्ट पंक्च्युएशन’ किंवा वर्डची फाइल साध्या सरळ चिन्हांऐवजी वळणदार चिन्हं टाकते, ती कोडमध्ये चालत नाहीत. दोन्ही सेटिंग बंद करा आणि कोड एडिटर ॲपमध्येच लिहा.

२) ‘नल’ची एरर

‘कॅनॉट सेट प्रॉपर्टीज ऑफ नल’ म्हणजे तुम्ही पेजवरची जी वस्तू मागितली ती सापडली नाही. कारणं दोनच बघा. एक, आयडीचं स्पेलिंग एचटीएमएलमध्ये वेगळं आणि कोडमध्ये वेगळं आहे. कॅपिटल-स्मॉलचा फरकही फरकच. दोन, स्क्रिप्ट ‘हेड’मध्ये असल्यामुळे खालचं बटण तयार व्हायच्या आत ती चालली. वेगळी फाइल असेल तर स्क्रिप्ट टॅगमध्ये ‘डिफर’ लिहा, नाहीतर स्क्रिप्ट ‘बॉडी’ संपायच्या जरा आधी ठेवा.

३) ३० अधिक ३० बरोबर ३०३०

इनपुटच्या चौकटीतून आलेली किंमत नेहमी मजकूर असते, आकडा नसतो. मजकुरात अधिक चिन्ह म्हणजे जोडणं, म्हणून दोन भाडी एकमेकांना चिकटतात. गंमत म्हणजे गुणाकार केला तर उत्तर बरोबर येतं, कारण तिथे जावास्क्रिप्ट स्वतःच आकडा करून घेते. त्यामुळे ही चूक कधी दिसते, कधी लपते. सवय अशी लावा: चौकटीतून किंमत घेतली की लगेच ‘नंबर’ या फंक्शनमध्ये घालायची.

४) भाड्याच्या जागी ‘नॅन’

नॅन म्हणजे ‘नॉट अ नंबर’. मराठी पेजवर याचं एक खास कारण असतं. कोणी मराठी कीबोर्डवरून प्रवाशांची संख्या ‘४’ अशी टाकली, तर ‘नंबर’ला ती कळत नाही. त्याला फक्त इंग्रजी आकडे कळतात. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे, आणि पुढचे आकडे ओळीने २४१५ पर्यंत आहेत. म्हणून प्रत्येक देवनागरी आकड्याचा ‘चारकोडॲट’ काढून त्यातून २४०६ वजा करायचे, की खरा आकडा मिळतो. ‘रिप्लेस’ वापरून हे एका ओळीत होतं. उलट उत्तर मराठी आकड्यांत दाखवायचं असेल तर ‘टूलोकेलस्ट्रिंग’ला मराठी-भारत हा कोड द्या.

५) एरर नाही, पण बोटीची वेळ चुकीची

ही सगळ्यात घातक, कारण कन्सोल गप्प असतो. समजा वेळा ‘९:३०’ आणि ‘१७:३०’ अशा मजकुरात लिहिल्या आहेत. जावास्क्रिप्ट मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षराने करते. ९ हा १ पेक्षा मोठा, म्हणून तिच्या लेखी ९:३० ही १७:३० च्या नंतर येते. सकाळी ९:१० ला पेज म्हणेल, संध्याकाळची बोट गेली! उपाय सोपा आहे. तासांना ६० ने गुणा आणि मिनिटं मिळवा. ९:३० चे ५७०, १७:३० चे १०५०. आता आकड्यांची तुलना करा. सगळ्या वेळा ‘०९:३०’ अशा दोन अंकी तासात लिहिल्या तरी चालतं.

६) मराठीऐवजी विचित्र चिन्हं

‘हेड’च्या सुरुवातीला मेटा टॅगमध्ये ‘चारसेट’ यूटीएफ-८ असं लिहा आणि फाइलही यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा. ‘दिघी’ पुन्हा ‘दिघी’ दिसेल.

७) माझ्याकडे चालतं, ऑनलाइन टाकल्यावर नाही

विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल चालून जातं. वेबसाइटचे सर्व्हर बहुधा लिनक्सवर असतात, तिथे चालत नाही. सगळी नावं स्मॉल अक्षरांत आणि मधे जागा न सोडता ठेवा. बदल केला तरी जुनंच पेज दिसत असेल तर ब्राउझरने जुनी फाइल जपून ठेवलेली असते. इन्कॉग्निटो टॅबमध्ये उघडून बघा.

तरीही सापडत नसेल तर?

‘कन्सोल डॉट लॉग’ लिहून किंमत छापा, आणि ‘टाइपऑफ’ लावून ती आकडा आहे की मजकूर तेही छापा. मग अर्धा कोड कमेंट करून बंद ठेवा. अडचण गेली तर ती बंद केलेल्या भागात आहे. त्याचे पुन्हा दोन भाग करा. शंभर ओळींतली चुकीची ओळ अशी सहा-सात फेऱ्यांत सापडते.

कोणाला मदत मागायची असेल तर नुसतं ‘चालत नाही’ म्हणू नका. एररची पूर्ण ओळ, तेवढाच कोड, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं सांगा. आणि बोटीसारखं पेज लोकांना देण्याआधी सकाळची, दुपारची आणि शेवटच्या बोटीनंतरची अशा तिन्ही वेळा टाकून तपासा. त्या पेजवर भरवसा ठेवून कोणीतरी जेट्टीवर येणार आहे.