डाव पुरा होईपर्यंत

लहानपणी आमच्या आळीत खेळताना कुणी हरायला लागला आणि चिडून उठला, की बाकीचे भिडू एका सुरात ओरडत, "रडीचा डाव खडी!" खेळातली सारी रीतभात या तीन शब्दांत आली. हरलास तर हरकत नाही, पण डाव टाकून जाऊ नकोस.

हा नियम काही आमच्या आळीनं शोधला नाही. फत्तेपूर सिक्रीला आपण गेला असाल, तर राजवाड्याच्या चौकात फरसबंदीवर आखलेला सोंगट्यांचा भलामोठा पट पाहिला असेल. १५७१ ते १५८५ ही अकबराची राजधानी. माणसांच्या सोंगट्या करून बादशहा इथं खेळे, असं वाटाडे सांगतात. ती दंतकथा बाजूला ठेवू. अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त चौपडीबद्दल लिहून ठेवलंय, ते त्याहून रंजक आहे. दरबारात कधीकधी दोनशेहून अधिक माणसं खेळायला बसत. सोळा डाव पुरे झाल्याशिवाय कुणाला घरी जायची मुभा नसे. काहींना त्यासाठी तीन-तीन महिने लागत. मधेच कुणाचा धीर सुटला, कुणी चुळबूळ करू लागला, तर त्याला मद्याचा प्याला रिचवावा लागे. वरवर पाहता हा नुसता खेळ, पण बादशहा त्यातून माणसं पारखतो आणि त्यांना प्रेमानं वागायला शिकवतो, असं अबुल फजलचं म्हणणं.

अबुल फजल दरबारी माणूस, तो धन्याचं कौतुक करणारच. शिवाय बादशहासमोरून उठून जायची हिंमत कोण करील? तिथं सभ्यता हुकमानं पाळली जाई. आपल्या ओट्यावर हुकूम कुणाचा?

तरी ओट्यावरही रीत होतीच. धाकट्या भावंडाला 'लिंबूटिंबू' म्हणून खेळायला घेत. त्याच्यावर राज्य येत नसे, पण खेळाबाहेर त्याला कुणी ठेवत नसे. हे आम्हाला कुठल्या बादशहानं शिकवलं नव्हतं.

आणि रीत मोडणाराही मीच. सोळा-सतरा वर्षांचा असेन. कॅरममध्ये क्वीन घेतली आणि कव्हर चुकलं. समोर बसलेला शेजारचा मित्र हसला. मी बोर्डच उलटवला. अब्बा दारातून पाहत होते. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सोंगट्या गोळा कर आणि त्याच्या घरी जाऊन सांग, डाव तू जिंकलास." सोंगट्या मी गोळा केल्या; घरी मात्र गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करता करता त्याच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब गाव सोडून गेलं. ते वाक्य माझ्याकडेच राहिलं.

जिंकणाऱ्यानं हसू आवरावं, हरणाऱ्यानं हात पुढं करावा, बघ्यानं चाल सुचवू नये. एवढं जमलं, तर उद्या पुन्हा डाव मांडता येतो. हरवलेली सोंगटी बाजारात मिळते. भिडू मिळत नाही.